वाचक विचारतात : शेवटच्या दोन पर्यायांत अडकलो की काय करायचं?

या अंकात विधी शाखेच्या प्रवेश परीक्षांतील, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट आणि महाराष्ट्राची विधी सीईटी यांतला तर्कक्षमता विभाग घेतला आहे. पत्रं मुख्यतः वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि बुलढाणा जिल्ह्यांतून आली. सारखे प्रश्न एकत्र केले असून नावं दिलेली नाहीत. उत्तरं आमच्या सल्लागारांची.

क्लॅटचे उतारे सोडवताना चारपैकी दोन पर्याय लगेच बाद होतात. राहिलेल्या दोनांत मात्र मी हटकून चुकीचाच निवडतो. उत्तरसूची पाहिली की पटतं, पण पुढच्या उताऱ्यात पुन्हा तेच. — विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा

दोन पर्याय उरले की तुम्ही ते एकमेकांशेजारी ठेवून ‘यातला बरा कोणता’ असं बघत असणार. घोळ तिथेच होतो, कारण चुकीचा पर्याय बरा दिसावा असाच लिहिलेला असतो. पर्यायाची तुलना दुसऱ्या पर्यायाशी करू नका, युक्तिवादातल्या फटीशी करा. आणि ती फट पर्याय वाचायच्या आधी सापडलेली पाहिजे.

एक छोटा उतारा घेऊ. (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा.)

‘तालुक्यातील ८० गावांपैकी २० गावांनी गेल्या हंगामात कपाशीत कामगंध सापळे लावले. त्या २० गावांत गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव बाकीच्या गावांपेक्षा सरासरीनं कमी निघाला. म्हणजे प्रादुर्भाव कमी झाला तो सापळ्यांमुळे.’

पहिलं काम, निष्कर्ष कोणता ते ठरवणं. इथे तो शेवटच्या वाक्यात आहे, पण परीक्षेत तो बऱ्याचदा मधेच दडवलेला असतो. ‘म्हणून’, ‘यावरून’ हे शब्द नसतील तर प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारून पाहा. ज्या वाक्याला उताऱ्यातलंच दुसरं वाक्य उत्तर देतं, तो निष्कर्ष. दुसरं काम, पुरावा वेगळा काढणं. इथे पुरावा एवढाच की सापळे होते तिथे अळी कमी होती. तिसरं काम, पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत लेखकानं उडी कुठे मारली ते एका ओळीत स्वतःच्या शब्दांत म्हणणं : ‘दोन गोष्टी सोबत दिसल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं धरलं.’ ही ओळ मराठीत म्हणा, वऱ्हाडीत म्हणा, झाडीबोलीत म्हणा, काही बिघडत नाही. पेपर इंग्रजी असला तरी डोक्यातलं टिपण कोणत्याही भाषेत चालतं.

आता प्रश्न : युक्तिवाद कशानं सर्वांत कमजोर होतो?

(अ) सापळ्यातल्या गोळ्या ठरावीक काळानं बदलाव्या लागतात.
(ब) फरदड घेतल्यानं, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही कपाशी शेतात ठेवून पुन्हा पीक घेतल्यानं, अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य मिळतं. सापळे लावणाऱ्या गावांनी आदल्या वर्षी फरदड घेतली नव्हती, बाकीच्या बहुतेक गावांनी घेतली होती.
(क) अनेक शेतकऱ्यांचा सापळ्यांवर विश्वास नाही.
(ड) सापळे न लावलेल्या दोन गावांतही प्रादुर्भाव कमी होता.

‘अ’ आणि ‘क’ पहिल्याच वाचनात जातात. एक कष्टाबद्दल आहे, दुसरा लोकांच्या मताबद्दल. कारण आणि परिणाम यांना दोन्ही शिवत नाहीत. उरतात ‘ब’ आणि ‘ड’. ‘ड’ मोहात पाडतो, कारण तो उलट उदाहरण देतो. पण दावा सरासरीचा आहे. साठ गावांतली दोन वेगळी निघाली म्हणून सरासरी मोडत नाही. ‘ब’ मात्र नेमका फटीवर बसतो : दोन्ही गटांतला फरक सापळ्यांचाच होता असं नाही, दुसरंही कारण हजर होतं. उत्तर ‘ब’. सापळे निरुपयोगी आहेत असं ‘ब’नं सिद्ध केलं नाही, तसं करायची गरजही नाही. कमजोर करणं म्हणजे खोटं पाडणं नव्हे. हे न कळल्यामुळे बरेच विद्यार्थी बरोबर पर्याय ‘अपुरा’ म्हणून सोडून देतात.

याच उताऱ्यावर ‘लेखकानं काय गृहीत धरलं आहे?’ असा प्रश्न आला, आणि शेवटी हे दोन उरले :

(१) बोंडअळीवर सापळे हा सर्वांत चांगला उपाय आहे.
(२) दोन्ही गटांतल्या गावांत प्रादुर्भावावर परिणाम करणारा दुसरा मोठा फरक नव्हता.

इथे नकाराची कसोटी लावा. पर्याय उलटा करा आणि युक्तिवाद उभा राहतो का ते बघा. (१) उलटा केला : सापळे सर्वांत चांगला उपाय नाही. तरी सापळ्यांमुळे अळी कमी झालेली असू शकते. युक्तिवाद उभाच. (२) उलटा केला : दुसरा मोठा फरक होता. युक्तिवाद कोसळला. म्हणून (२). उलटं करताना मात्र जपून. ‘सर्व’चं उलट ‘सर्व नाही’ होतं, ‘एकही नाही’ होत नाही. ‘काही’चं उलट ‘एकही नाही’. नकार गरजेपेक्षा जोरात केला तर चुकीचा पर्यायही युक्तिवाद पाडतो आणि कसोटी फसते.

आणखी एक बाब क्लासच्या नोट्समध्ये सहसा उलटी सांगतात. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द दिसले की पर्याय बाद करा, हा सल्ला अर्धाच खरा आहे. ‘उताऱ्यावरून काय निष्पन्न होतं?’ या प्रश्नाला मवाळ पर्याय चांगला, कारण तो सिद्ध करायला थोडाच पुरावा लागतो. ‘कशानं बळकट होतं, कशानं कमजोर होतं’ या प्रश्नाला जोरकस पर्यायच चांगला. तिथे ‘काही वेळा असंही घडू शकतं’ म्हणणारा पर्याय बहुधा कुचकामी असतो. तेव्हा आधी प्रश्नाची जात बघा, शब्दाचा जोर नंतर.

आता चुकांच्या वहीबद्दल. उत्तरसूची पाहून ‘पटलं’ म्हणणं म्हणजे अभ्यास नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे दोन वाक्यं लिहा : मी निवडलेला पर्याय मला का आवडला, आणि तो नेमका कोणत्या शब्दावर मोडतो. दुसऱ्या वाक्यात ‘व्याप्तीबाहेर’ असं मोघम लिहू नका. ‘उतारा तालुक्यापुरता आहे, पर्याय राज्याबद्दल बोलतो’ असं लिहा. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की सगळ्या एकत्र वाचा. बहुतेकांच्या चुका दोनतीन प्रकारांतच फिरतात, आणि तुमचे प्रकार कोणते ते तुमच्या वहीशिवाय कोणी सांगू शकत नाही.

पोरगी बारावीत हाय. गणित तिचं बरं हाय, पण सीईटीच्या त्या कोड्यात, कोण कोणाच्या बाजूले बसला, कोणाचा नंबर कोणत्या दिवशी, त्यात अर्धा-अर्धा तास घालवते. काहून असं होते? — पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

दादा, ती बहुधा अट वाचली की लगेच माणसं बसवायला लागते, जमलं नाही की खोडते आणि पुन्हा पहिल्यापासून बसवते. कोडं सोडवायची वेळ अटी एकमेकींशी जोडण्यात गेली पाहिजे. खाली एक कोडं सोडवून दाखवतो, तिला कागद-पेन घेऊन बसवा.

सहा गावांचे आठवडी बाजार सोमवार ते शनिवार, रोज एका गावाचा : जामगाव, सावरगाव, मोहगाव, बोरगाव, पिंपळगाव, उमरी. अटी तीन. मोहगावचा बाजार सावरगावच्या लगेच दुसऱ्या दिवशी. जामगावचा बाजार बोरगावच्या आधी, आणि दोघांच्या मध्ये नेमके दोन बाजार. उमरीचा सोमवारी किंवा शनिवारी.

आधी नावांची पहिली अक्षरं घ्यायची : जा, सा, मो, बो, पिं, उ. मग प्रत्येक अट चिन्हात. पहिली : ‘सा-मो’ अशी जोडी. दुसरी : ‘जा _ _ बो’. तिसरी : उ टोकाला. पिंपळगावावर अटच नाही. त्याच्याभोवती गोल करा. ज्याच्यावर अट नसते ते कुठेही बसतं, म्हणून त्याला सर्वांत शेवटी हात लावायचा.

अजून एकही वार भरायचा नाही. आधी विचारायचं, ‘जा’ आणि ‘बो’च्या मधल्या दोन जागी कोण? उमरी टोकाला असते, म्हणजे मध्ये येत नाही. उरले सा, मो, पिं. मध्ये पिं आला तर त्याच्या सोबतीला सा किंवा मो यांतला एकच मावतो, आणि जोडी फुटते. म्हणून मध्ये सा-मो हीच जोडी. आता ‘जा-सा-मो-बो’ हा चार दिवसांचा एकच तुकडा झाला. सहा वस्तूंचं कोडं तीन वस्तूंचं झालं : तुकडा, पिं आणि उ. उ टोकाला ठेवून मांडण्या चारच होतात :

जा सा मो बो पिं उ
पिं जा सा मो बो उ
उ जा सा मो बो पिं
उ पिं जा सा मो बो

आता कितीही प्रश्न येऊ द्या. पिंपळगाव मंगळवारी असेल तर बुधवारी कोण? चौथी मांडणी, जामगाव. मोहगाव बुधवारी असेल तर शनिवारी कोण? पहिली मांडणी, उमरी. गुरुवारी कोण असू शकतं? मांडण्यांचा चौथा रकाना वाचा : बोरगाव, मोहगाव, सावरगाव, बाकी तिघं कधीच नाही. पाच प्रश्नांचा संच असेल तर मांडणीला तीन मिनिटं आणि प्रत्येक प्रश्नाला वीस सेकंद, एवढ्यात तो बसतो.

सगळ्या मांडण्या लिहाव्यात की नाही हा निवाडा मात्र हवा. अटी जोडून झाल्यावर चार-पाच शक्यता उरत असतील तर लिहून काढा. दहाबारा होताना दिसल्या तर थांबा आणि प्रश्नात दिलेली जादा अट (‘अमुक मंगळवारी असेल तर’) घेऊन तेवढ्यापुरतंच मांडा. तीन मिनिटांत एकही दोन अटी जुळल्या नाहीत तर तो संच सोडून पुढे जायचं, शेवटी वेळ उरला तर परत यायचं. हुशार पोरांना हे सर्वांत जड जातं. गणित चांगलं असलेली मुलं कोडं अर्धवट सोडायला तयार नसतात, आणि अर्धा तास तिथेच जातो.

गोल टेबल आणि नातेसंबंध यांचे नियम वेगळे नाहीत. गोल मांडणीत कोणीतरी एक पक्का धरून सुरुवात करा, आणि तोंड आत की बाहेर हे आधी वाचा. बाहेर असेल तर डावं-उजवं उलटतं. नात्यांच्या प्रश्नात पिढ्या आडव्या ओळींत लिहा, आणि नाव वाचून बाई की पुरुष ते ठरवू नका, प्रश्नात सांगितलं असेल तरच धरा.

मराठी माध्यमातून शिकले. ‘इफ’, ‘ओन्ली इफ’, ‘अनलेस’ आले की गोंधळते. पाठ करून उपयोग होत नाही. — विद्यार्थिनी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

पाठ करू नका, बाण काढा. डावीकडची गोष्ट घडली की उजवीकडची घडलेली असतेच, एवढाच बाणाचा अर्थ.

समजा प्रश्नात वाक्य आहे : ‘नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली तरच दावा ग्राह्य धरला जाईल.’ हा ‘तरच’ म्हणजे ‘ओन्ली इफ’. बाण असा : दावा ग्राह्य → सूचना ७२ तासांत दिली. उलट्या दिशेनं बाण नाही. सूचना वेळेत दिली म्हणून दावा ग्राह्य झालाच असं निघत नाही. पंचनाम्यात, कागदपत्रांत कुठेही अडकू शकतो. फसवा पर्याय हमखास हाच असतो. मात्र दोन्ही बाजूंना नकार लावून बाण फिरवला तर तो खरा राहतो : सूचना वेळेत दिली नाही → दावा ग्राह्य नाही.

‘तर’ असेल तिथे बाण वाक्याच्याच दिशेनं. ‘अनलेस’ आपल्या ‘शिवाय’सारखा वाचा : ‘सातबारा जोडल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही’, म्हणजे अर्ज स्वीकारला → सातबारा जोडला होता. इथेही सातबारा जोडला म्हणून अर्ज स्वीकारलाच, असं नाही.

संख्यावाचक शब्दांचं थोडं. ‘काही शेतकरी कापूस घेतात, काही शेतकरी तूर घेतात’ यावरून दोन्ही घेणारा एक तरी आहे असं निघत नाही. पण ‘निम्म्याहून अधिक शेतकरी कापूस घेतात, निम्म्याहून अधिक तूर घेतात’ असं असेल तर दोन्ही घेणारा एक तरी असलाच पाहिजे. दहा शेतकरी धरून मोजा, पटेल. आणि मराठीतलं ‘सगळे शेतकरी कर्जदार नाहीत’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी ऐकू येतं. सीईटीच्या मराठी पेपरात असं वाक्य आलं तर शेजारचं इंग्रजी वाक्य वाचा, ‘नॉट ऑल’ आहे की ‘नो’ ते तिथे कळतं.

उतारा वनहक्कांवर होता. आमच्याच जिल्ह्यातलं असल्यानं मला सगळं ठाऊक होतं, पर्यायही खरा होता, तरी उत्तर चुकलं. — विद्यार्थी, ता. धानोरा, जि. गडचिरोली

ठाऊक होतं म्हणूनच चुकलं. तुमच्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव घ्या. वनहक्क कायदा २००६चा, मेंढ्याला सामूहिक वनहक्क २००९मध्ये मिळाला, पुढे ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला, हे सगळं खरं. पण उताऱ्यात फक्त ‘ग्रामसभेला जंगलावर हक्क मिळाला’ एवढंच असेल, तर ‘ग्रामसभेला बांबूतून उत्पन्न मिळालं’ हा पर्याय उताऱ्यातून निघत नाही. तो खरा आहे आणि उत्तर म्हणून चूक आहे. तर्कविभागात माहितीला गुण नाहीत. माहितीचा विभाग वेगळा असतो.

ओळखीच्या विषयावर एक साधी शिस्त पाळा : पर्याय निवडल्यावर उताऱ्यातल्या ज्या ओळीतून तो निघतो तिच्यावर बोट ठेवा. ओळ सापडत नसेल तर पर्याय तुमच्या डोक्यातून आला आहे. याउलट बळकट-कमजोर करणाऱ्या प्रश्नांत पर्यायात नवी माहिती येणारच. तिथे ‘हे उताऱ्यात नाही’ म्हणून पर्याय टाकू नका.

उत्तर येत नसेल तर ठोकून द्यावं का? — अनेकांचा प्रश्न

महाराष्ट्राच्या विधी सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखा. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला ०.२५ वजा. एक पर्याय बाद करता आला तरी मारणं फायद्याचं. दोन बाद झाले तर सरासरीनं प्रत्येक प्रश्नामागे ०.३७५ गुण पदरात पडतात, अशा वेळी सोडणं हा तोटाच. चारही पर्याय अनोळखी असतील तर हिशेब जेमतेम ०.०६वर येतो. एवढ्यासाठी वाचण्यात दोन मिनिटं घालवण्यात अर्थ नाही.

गावात क्लास नाही, नेट धड चालत नाही, आणि परीक्षा कापूस वेचणीच्या दिवसांत. रोज किती आणि काय करावं? — विद्यार्थी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

आधी परीक्षा कोणती ते पक्कं करा, कारण तयारी वेगळी. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासह देशातली बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटमधून घेतात. ती परीक्षा अलीकडे डिसेंबरच्या सुरुवातीला होते, फक्त इंग्रजीत : १२० मिनिटं, १२० प्रश्न, त्यात तर्काचे २२ ते २६. प्रश्न सुमारे ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर असतात. राज्यातल्या बाकी विधी महाविद्यालयांसाठी सीईटी. ती संगणकावर, इंग्रजी आणि मराठीत, आणि तिच्यात उताऱ्यांपेक्षा कोडी, संकेतभाषा, नाती, विधान-निष्कर्ष जास्त. दोन्ही देणार असाल तर वेचणी संपेपर्यंत उतारे, वेचणी झाल्यावर कोडी, असा क्रम सोयीचा.

क्लास नसल्यानं तर्कविभागात फार अडत नाही. क्लॅटचे जुने पेपर आयोजक संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तालुक्याला गेलात की एकदाच उतरवून, छापून आणा. २०२०पासूनचेच घ्या. त्याआधीचा नमुना वेगळा होता, त्यात उतारे जवळजवळ नव्हते. छापील कागद हवाच, क्लॅट कागदावरच असते आणि मोबाईलवर वाचताना हातानं खुणा करता येत नाहीत.

वेचणीच्या दिवसांत रोज पाऊण तास पुरे. पहिली पंधरा मिनिटं गावात येणाऱ्या वर्तमानपत्राचा अग्रलेख, मराठीच चालेल : निष्कर्षाखाली रेघ, पुराव्यांना आकडे, आणि समासात फट एका ओळीत. अग्रलेखात फटी भरपूर सापडतात, त्या बाबतीत संपादक मंडळी उदार असतात. पुढची पंधरा मिनिटं जुन्या पेपरातले दोन उतारे, घड्याळ लावून : वाचायला दोन ते अडीच मिनिटं, मग प्रश्नाला पाऊण मिनिट, म्हणजे पाच-सहा प्रश्नांचा उतारा साधारण सात मिनिटांत. उरलेली पंधरा मिनिटं चुकांच्या वहीला. सुरुवातीला सात मिनिटांत उतारा होणार नाही, बारा लागतील. पहिले तीन आठवडे घड्याळाकडे बघा पण त्याच्यासाठी वाचन आखडू नका. वेग वाढवायला निघालेले विद्यार्थी आधी निष्कर्ष शोधणं सोडतात आणि थेट पर्यायांवर उडी मारतात. मग प्रत्येक पर्यायासाठी उतारा पुन्हा वाचावा लागतो आणि बाराचे पंधरा होतात.

रविवारी एक पूर्ण पेपर, सलग दोन तास. क्लॅटचा असेल तर दुपारी दोन ते चार या वेळेतच, अलीकडे परीक्षा त्याच वेळी होते. दिवसभर ओळीत वाकून वेचल्यावर संध्याकाळी पेपरला बसू नका. त्या दिवशी गुण कमी पडले तर ते तर्क कच्चा म्हणून की थकव्यानं, हे कळायला मार्ग राहत नाही. त्या आठवड्यापुरता पेपर पावसाळी किंवा सुटीच्या दिवशी ढकला.